लेकीच्या सातव्या महिन्यातली साखर

"एकशे अडुसष्ट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, तुमच्या मुलीला जेस्टेशनल डायबिटीस आहे."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"गरोदरपणातली साखर. पोटात बाळ असताना वाढते ती."

साखर हा शब्द मात्र मला ठाऊक होता. दीड वर्षापूर्वी याच साखरेने माझी बायको नेली. आता लेक समोरच्या खुर्चीत बसलेली, सातवा महिना, पदर दोन्ही हातांनी धरलेला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी चौथी शिकलोय. शेतकरी माणूस, पेणजवळच्या गडबकडचा. लिहायची सवय नाही. पण पेणच्या त्या दवाखान्यात बाकावर बसून बसून मी जे शिकलो ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून लिहितोय. तुमच्या घरात कोणी पोटुशी असेल तर वाचा. माझा राग आला तरी वाचा.

वनिता माझी एकुलती मुलगी. निडीला दिली, रोह्याच्या अलीकडे. जावई कंपनीत शिफ्टवर. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात रोह्याला रक्त बघितलं तेव्हा सगळं बरोबर होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, सातव्यात ओटी भरून मुलगी आणतात. विहिणीने फोनवर विचारलं, "तिकडे करणार कोण? आई तर नाय." मी म्हटलं, मी आहे ना. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

आणली त्या आठवड्यातच पेणला नाव घातलं. तिथे तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तास बाकावर बसवलं आणि मग रक्त घेतलं. आकडा आला तेव्हा मी त्या लॅबवाल्या मुलीशी भांडलो. "पेलाभर साखर पाजलीत तर साखर वाढणारच की! मला पाजा, माझी पण वाढेल."

ती म्हणाली, "आजोबा, तुमची वाढेल आणि दोन तासांत उतरेल. हिची उतरली नाही. तेच तर बघायचं असतं."

ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. ते पाणी आजार देत नाही. आत काय चाललंय ते दाखवतं. एकशे चाळीसच्या वर आकडा असला तर ही साखर समजतात.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मला चित्र कळलं नाही. मग मी माझ्या डोक्याने शेतात नेऊन बघितलं, तेव्हा कळलं. तसंच तुम्हाला सांगतो.

आपण खातो त्याची साखर होते आणि रक्तातून फिरते. पाटातून पाणी फिरतं तशी. पण पाटात पाणी असून पीक जगत नाही. बांध फोडून ते खाचरात घ्यावं लागतं. इन्सुलिन म्हणजे बांध फोडणारा गडी. हे गडी पाठवणारं घर पोटात असतं, त्याला स्वादुपिंड म्हणतात.

आता बाई पोटुशी राहिली की वार तयार होते, बाळंतपणात बाळामागून पडते ती. ती वार बाळासाठीच असते, पण ती काही रस सोडते आणि त्याने आईच्या अंगातले बांध घट्ट होतात. बाळाला साखर जास्त मिळावी म्हणून शरीराने केलेली सोय. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. एका गड्याचं फावडं पुरत नाही, दोन-तीन गडी लागतात. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जादा गडी पाठवतं, कुणाला काही कळतही नाही. काहींच्या घरात तेवढे गडीच नसतात. मग पाणी पाटात तुंबतं. रक्तात साखर साचते. ती वारेतून बाळाकडे जाते.

"यात तिची काही चूक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी वनिताला सांगितलं. लागलं मला. का ते पुढे येईल.

दोन आठवडे पथ्य करून बघू म्हणाल्या. ग्लुकोमीटर दिलं, म्हणजे बोटाला टोचून पट्टीवर रक्त घ्यायचं आणि आकडा बघायचा ते छोटं यंत्र. उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत, जेवल्यावर दोन तासांनी एकशे वीसच्या आत. आहाराचा छापील कागद पण दिला. मी तो घडी करून खिशात घातला. मला वाटलं, पथ्य म्हणजे काय ते मला माहीत आहे. आजाऱ्याचं मी आयुष्यभर केलंय.

घरातली साखर उचलून शेजारी दिली. गूळ दिला. चहा कोरा. केळी बंद, बिस्किटं बंद. शेजारच्या शेवंता वहिनी डोहाळ्याचे शिरवळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस घेऊन आल्या, तर त्यांना दारातून परत पाठवलं.

"भावोजी, पोरीला उपाशी मारता काय? दोन जिवांची हाय ती!"

"दोन जिवांची हाय म्हणूनच."

"बाय असती घरात तर असं झालं नसतं," म्हणाल्या आणि पातेलं घेऊन गेल्या. मला काय वाटलं ते लिहीत नाही.

सकाळी मी पेज करायचो. घरच्या लाल तांदळाची, कण्या करून, मिठाची. ताप आला, पोट बिघडलं, बाळंतीण झाली, आमच्याकडे पहिली पेजच. हलकी. दुपारी वरणभात. संध्याकाळी भाकरी आणि कालवण. भूक लागली तर मधे परत पेज. वनिता म्हणायची, "बाबा, भूक नाय." मी म्हणायचो, "पी गो, पेज कुणाला बाधत नाय."

जेवल्यानंतरचा आकडा एकशे सत्तर. एकशे पंच्याऐंशी. मी वनितावर संशय घेतला. ती शेवंता वहिनींकडे जाऊन काही खाते असं मला वाटलं. एक दिवस मी तसं बोललो पण. ती रडली. मी यंत्रालाही शिव्या घातल्या.

दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय खाते?"

मी छाती काढून सांगितलं. साखरेचा कण नाही. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भाकरी.

"भाकरी कसली?"

"तांदळाची. आमच्यात दुसरी कसली?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, पेज, भात, भाकरी. हे तिन्ही एकच आहे. पोटात गेल्यावर तांदळाची साखरच होते. आणि पेज सगळ्यात लवकर. तुम्ही तिला दिवसातून चार वेळा साखर देत होतात."

वनिता खाली बघत म्हणाली, "मॅडम, त्यांना बोलू नका. त्यांना माहीत नव्हतं."

माहीत नव्हतं. चाळीस वर्षं भात पिकवला मी. माझ्या हाताने लावला, झोडला, कांडून आणला. आणि त्याचं पोटात काय होतं ते मला माहीत नव्हतं. खिशातल्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तो उघडलाच नव्हता.

भात पूर्ण बंद करायचा नसतो, हे पण सांगतो, नाहीतर तुम्ही दुसऱ्या टोकाला जाल. एक वाटी, मोजून. जोडीला डाळ, कडधान्य, भाजी, अंडं, मासळी. थोडं थोडं, पण वेळेवर. जेवल्यावर चालायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे वाल होतात ना? मग वाल खा."

वाल घरात पोतंभर होते. बिरडं करायचं तर वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. हे काम मी जन्मात केलं नव्हतं. यमुना करायची, माझी बायको. ओटीवर बसून तासभर सोलायची आणि मी दहा मिनिटांत जेवून उठायचो. आता मी सोलायला बसलो. पहिल्या दिवशी निम्म्या डाळिंब्या तुटल्या. वनिता हसली. घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

जेवल्यानंतरचे आकडे उतरले. पण सकाळचा उपाशीपोटीचा आकडा अडून बसला. एकशे पाच, एकशे आठ. काही न खाता! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आकडा नुसत्या जेवणाने उतरत नाही, दिवस भरत येतात तशी वार जास्त जोर करते. स्वादुपिंडाचं इन्सुलिन कमी पडतंय, आपण बाहेरून देऊ.

इन्सुलिन म्हटल्यावर वनिता खुर्चीतून उठलीच. "नको. आईला पण सांगितलं होतं."

हो, सांगितलं होतं. यमुनाला गोळ्या पुरेनात तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, इन्सुलिन सुरू करू. गावात सगळ्यांनी सांगितलं की एकदा सुई लागली की सुटत नाही, ते शेवटचं औषध. मी बाजारातून एकाकडून मुळीची पूड आणून दिली. ती मुकाट्याने घेत राहिली. दोन वर्षांत किडन्या गेल्या. पूड आणणारा मी होतो. ती नव्हती.

डॉक्टरीणबाईंना हे मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की इन्सुलिन आईच्या रक्तात राहतं, वारेतून बाळाकडे जात नाही. साखर मात्र जाते. जास्त साखर आली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त करतं आणि बाळ आतल्या आत फुगतं. खांदे, पोट मोठं होतं. जन्माला येताना खांदा अडकू शकतो. आणि बाळंतपणानंतर वार पडली की या बायकांचं इन्सुलिन बहुतेक वेळा त्याच दिवशी बंद होतं.

मग त्यांनी फॉर्म काढला. "आईची बाळंतपणं कशी झाली होती? तुम्हाला आठवतं?"

मी वनिताला म्हटलं, "जा गो, बाहेर बस जरा." ती गेली.

मला आठवतं. वनिताच्या अकरा वर्षं आधी आम्हाला मुलगा झाला होता. नवव्या महिन्यात यमुनाचं पोट एवढं होतं की गावात बायका बघायला यायच्या. माझी आई तिला लाडू आणि खीर घालायची, दोघांचं खा म्हणायची. मी पिंपळाच्या पारावर सांगायचो, माझा पोरगा पैलवान येणार. पाच किलोला थोडा कमी होता. डोकं आलं आणि खांदा अडकला. रडलाच नाही तो.

सरकारी दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी मी यमुनाला म्हटलं, "तूच खाऊन खाऊन फुगवलंस त्याला."

ती उठली आणि चुलीकडे गेली. आणि मी तो शब्द कधी मागे घेतला नाही.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बहुधा त्यांना तेव्हाच हा त्रास असेल. तेव्हा तपासणी होत नसे. गरोदरपणात साखर झालेल्या बाईला पुढे कायमचा डायबिटीस होण्याची शक्यता जास्त असते."

म्हणजे तो मुलगा गेला तोच इशारा होता. यमुनाची साखर कळली त्याच्या वीसेक वर्षं आधी आलेला. आणि मी त्याचं खापर ज्या बाईवर फोडलं, ती आजारी होती.

डॉक्टर लोक असं सांगतात आणि पुढचा पेशंट बोलावतात. त्यांचा दोष नाही. मी बाहेर आलो, नळावर तोंड धुतलं आणि वनिताला म्हटलं, "सुई घ्यायची. बास."

"तू टोचशील?"

"टोचीन."

नर्सने शिकवलं. दंडाच्या मागची चरबी चिमटीत धरायची. माझी बोटं फावड्याच्या दांड्याची, सुई त्यात दिसत नव्हती. पहिल्या दिवशी मी सुई वाकडी धरली, तेव्हा वनिता म्हणाली, "बाबा, इकडे दे. तू मला मारशील." मग ती स्वतःच मांडीला टोचायला शिकली. इन्सुलिन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात मासळीबरोबर नाही. गोठलं की ते मेलं. सुई घेतली की जेवायला उशीर करायचा नाही. घाम सुटला, हात थरथरायला लागले तर साखर फार उतरली असं समजायचं आणि तेव्हा मात्र लगेच साखर द्यायची. म्हणून शेजारून चार चमचे साखर परत मागून आणली. शेवंता वहिनी म्हणाल्या, "आली ना अक्कल?"

शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला पेण. सोनोग्राफीत बाळाचं पोट मोजायचे. मी बाहेर बाकावर. आत गेलेली मुलगी बाहेर येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे एकच खांदा यायचा. बाकावरचे लोक मोबाइल बघत बसलेले असायचे. मला त्यांचा राग यायचा. का यायचा माहीत नाही.

दिवस भरायच्या थोडं आधी कळा आणायचं औषध दिलं. जावई शिफ्ट सोडून आला. अकरा तास लागले. मग आतून रडणं ऐकू आलं. मी जावयाला विचारलं, "ऐकलंस? रडतंय ना?"

"रडतंय की बाबा."

"नक्की?"

मुलगी. दोन किलो नऊशे. खांदे बरोबर. तिच्या टाचेला टोचून साखर बघितली, ती थोडी कमी आली, कारण पोटात जास्तीची साखर यायची सवय आणि आता नाळ तोडलेली. लगेच अंगावर पाजलं, परत परत टाच टोचली, दुसऱ्या दिवशी ठीक झाली. वनिताचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद.

बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "बारीक हाय गो. गुटगुटीत नाय."

मी म्हटलं, "जिती हाय. घरी जा."

माझं तोंड वाईट आहे, गावात सगळे सांगतात.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. पेढे वाटतात आणि फाईल माळ्यावर टाकतात. तिथेच फसतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ते ग्लुकोजचं पाणी परत पिऊन तपासायचं असतं. वार गेली, बांध सैल झाले, पण ज्या घरात गडी मुळात कमी होते तिथे ते कमीच राहतात. आज नाही तर दहा वर्षांनी परत तुंबतं.

सहा आठवडे झाले. मी वनिताला म्हटलं, उद्या उपाशीपोटी निघायचं. ती बाळाला अंघोळ घालून बसली होती.

"नाय जायचं. मला बरं वाटतंय. किती टोचून घेऊ?"

"एकदाच."

"नको म्हटलं ना बाबा. सासूबाई पण म्हणतात, झालं ते झालं."

"सासू डॉक्टर हाय काय?"

तेव्हा ती उसळली. "आईला कधी नेलंस तू? तिला बरं नसायचं तेव्हा कधी बोललास, उद्या उपाशीपोटी निघायचं? आता माझ्या मागे लागलायस!"

बाळ दचकून रडायला लागलं. तिने तोंड फिरवलं.

"नाय नेलं," मी म्हटलं. "कधीच नाय नेलं. सकाळी सातची गाडी हाय. तयार राहा."

ती तयार राहिली.

उपाशीपोटी ब्याण्णव. पाण्यानंतर दोन तासांनी एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डायबिटीस नाही, पण काठावर आहे. वजन सांभाळा, बाळाला अंगावर पाजा, चाला, आणि दर वर्षी तपासा. पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्याच महिन्यात. मी त्यांना हात जोडले. त्या म्हणाल्या, "काका, अहो, असू द्या." त्यांना वाटलं मी मुलीसाठी जोडले.

परतीच्या एस्टीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाळ माझ्या मांडीवर होतं. पेण सुटल्यावर वनिता म्हणाली, "बाबा, आईची फाईल हाय काय घरात? मला बघायचीय."

"हाय. पण फाईलमध्ये एक गोष्ट नाय. ती मला सांगायला लागेल."

आणि मी सांगितली. तिचा भाऊ, खांदा, पार, लाडू, आणि दवाखान्यातून आल्यावर मी तिच्या आईला जे बोललो ते शब्द जसेच्या तसे. एस्टीत माणसं होती. ऐकली असतील तर ऐकली असतील.

वनिता गडब येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. माफ कर म्हणावं तर ते तिला म्हणायचं नव्हतंच, आणि जिला म्हणायचं ती नाही.

कंडक्टरने घंटी मारली. मी बाळाला तिच्याकडे द्यायला पुढे केलं. तिने घेतलं नाही. पिशवी उचलली आणि पुढे होऊन उतरली. मग खालून वर बघून म्हणाली, "सांभाळून उतर. तिची मान धर."